भाजी धुवायची खरी, पण कुठल्या भीतीने आणि कुठल्या पाण्याने?



आजच्या लेखाची सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी घरातल्या अन्नसुरक्षेवर एक प्रश्नावली तयार केली होती. एम.एस्सी. रसायनशास्त्रात केलेलं, त्यामुळे प्रश्नावली अगदी नीटनेटकी. सातवा प्रश्न असा होता: ‘तुम्ही पालेभाजी वाहत्या नळाखाली किती वेळ धुता? (अ) १० सेकंदांपेक्षा कमी (ब) १० ते ३० सेकंद (क) ३० सेकंदांपेक्षा जास्त.’ ही प्रश्नावली घेऊन मी एप्रिल महिन्यात शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावर गेले. पहिल्याच घरातल्या मावशींनी सातवा प्रश्न ऐकला, हातातली माठाची जुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “बाय, आधी नळ दाखव. मग सांगते किती वेळ.”

मी हसले, त्याही हसल्या. पण परत येताना एसटीत बसल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न त्या घराला लागूच होत नाही. तो मी कुठून आणला होता? छापील सूचनांमधून. त्या सूचना कुणी, कधी, कुठल्या घरासाठी लिहिल्या, हे मी एकदाही तपासलं नव्हतं. ते तपासायला बसले आणि विज्ञानाची विद्यार्थिनी इतिहासात शिरली. आज तुम्हाला तो इतिहास थोडक्यात सांगते. तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहीत असतील, त्यांना शेवटच्या भागाचा उपयोग होईल.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवते. ‘भाजी धुणे’ दिसायला एकच क्रिया आहे, पण तिच्यामागे निदान तीन वेगवेगळ्या भीती आहेत: वनस्पतीतलं विष, पाण्यातले जंतू आणि फवारलेलं औषध. या तीन भीती वेगवेगळ्या काळात पुढे आल्या आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा निघाला.

पहिली भीती: भाजीच्याच अंगातलं विष

मे संपता संपता, पहिला वळीव पडला की मुरबाड-शहापूरच्या जंगलात शेवळं उगवतात. ठाकूर, कातकरी, वारली बायका ती आणून मुरबाड, कल्याणच्या बाजारात विकायला बसतात. तुम्ही कधी शेवळं घेतली असतील तर आठवेल, विकणारी बाई जुडीबरोबर काकडाची आंबट फळं देते. नसली तर ‘चिंच घाल गं भरपूर’ असं बजावून सांगते. याचं कारण खाज. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणजे शेवळं नळाखाली अर्धा तास धरली तरी खाज जाणार नाही. तिथे आंबट लागतं आणि नीट शिजवणं लागतं.

आता याच भागातला कडू कंद घ्या. त्याचा कडूपणा आणि विषारीपणा बऱ्याच अंशी पाण्यात उतरतो. म्हणून त्याच्या चकत्या करून राख घालून उकडतात, मग टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवतात. भारंगीचा पाला उकडून ते कडू पाणी ओतून देतात.

म्हणजे बघा, काय पाण्याने जातं आणि काय पाण्याने जात नाही हा फरक या स्वयंपाकघरांना आधीपासून ठाऊक आहे. आपण त्याला ‘विद्राव्यता’ म्हणतो. त्यांनी तो शब्द न वापरता दोन भाज्यांसाठी दोन रीती बसवल्या. इथे धुणं हा स्वच्छतेचा भाग नाही. तो स्वयंपाकाचाच भाग आहे, आणि तो चुकला तर पोट बिघडतं किंवा घसा सुजतो.

दुसरी भीती: पाण्यातले जंतू

आपण ज्याला ‘स्वच्छ धुणे’ म्हणतो, ती कल्पना मुख्यतः १९व्या शतकातल्या कॉलऱ्याने घडवली. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाशी कॉलऱ्याचा संबंध दाखवला. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात रुग्णांमध्ये आणि एका तलावाच्या पाण्यातही स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू दाखवला. त्यानंतर पाण्याकडे बघण्याची नजर बदलली. नितळ दिसणारं पाणीही मारू शकतं, हे पहिल्यांदा लोकांना सांगावं लागलं.

या काळातला एक माणूस मला फार रोचक वाटतो: अर्नेस्ट हॅनबरी हँकिन. हा आग्र्याला सरकारी रासायनिक परीक्षक आणि जंतुशास्त्रज्ञ होता. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, हे निरीक्षण त्याने १८९६ मध्ये प्रसिद्ध केलं. आज ते बॅक्टेरियोफाजच्या इतिहासात सांगितलं जातं. पण त्याचं रोजच्या कामातलं योगदान वेगळं होतं. विहिरींमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकायची पद्धत त्याने उचलून धरली. जांभळे दाणे पाण्यात टाकायचे, पाणी गुलाबी राहिलं तर मात्रा पुरली, रंग उडाला तर आणखी टाकायचे. रसायनशास्त्राच्या मुलांना यातली युक्ती लगेच कळेल. परमँगनेट सेंद्रिय घाणीचं ऑक्सिडीकरण करतं आणि ते करताना स्वतःचा रंग गमावतं. म्हणजे औषध आणि तपासणी एकाच पुडीत! प्रयोगशाळा जवळ नसलेल्या माणसाला यापेक्षा सोपं काय देणार?

हेच गुलाबी पाणी पुढे साहेबांच्या घरातल्या सॅलडच्या पानांवर गेलं. आपल्याकडेही जुन्या घरांत फळं-भाज्या त्यात बुडवून काढायची सवय असलेली माणसं भेटतात. गावांत विहिरीसाठी नंतर ब्लीचिंग पावडर आली. आज ग्रामपंचायतीत तिला सगळे ‘टीसीएल’ म्हणूनच ओळखतात.

यात एक मेख आहे. परमँगनेट काय किंवा क्लोरीन काय, मातीत आणि कचऱ्यातच खर्च होऊन जातं. चिखलाने भरलेली मेथी थेट औषधाच्या पाण्यात बुडवली तर औषध चिखलाशीच झुंजत बसतं आणि जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी माती काढायची, मग औषध. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शहरांत लोक भाज्या साबणाने, डिटर्जंटने धुवायला लागले होते, तेव्हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाला (एफएसएसएआय) सांगावं लागलं की साबण वापरू नका. साबण भांड्यांसाठी, हातांसाठी आहे. भाजीच्या सालीत, देठाच्या खाचेत तो राहतो आणि पोटात जातो. भीती नवी होती, म्हणून उपायही घाईघाईने दुसरीकडून उसना आणला गेला.

तिसरी भीती: फवारलेलं औषध

तिसरी भीती सगळ्यात तरुण आहे. पाउल म्युलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भारतात डीडीटी गावागावात पोचलं ते आधी हिवतापाविरुद्ध, भिंतींवर फवारण्यासाठी. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात ‘औषध’ हा शब्द पूर्णपणे शुभ होता. शेतकरी आजही ‘कीटकनाशक मारलं’ म्हणत नाही, ‘औषध मारलं’ म्हणतो.

मग १९५८ मध्ये केरळमध्ये शंभराहून जास्त माणसं दगावली. पॅराथिऑन हे अतिविषारी कीटकनाशक जहाजातून धान्याच्या मालाबरोबरच आणलं गेलं होतं, ते गव्हाच्या पिठात आणि साखरेत मिसळलं. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्याकडे सोपवली गेली. या मार्गाने पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. ही घटना आपल्या विषयात का सांगायची? कारण पीठ धुता येत नाही. धुण्याची एक हद्द असते, आणि ती हद्द संपते तिथून कायदा, वाहतूक, साठवण यांची जबाबदारी सुरू होते.

भाजीतही ही हद्द आहे. काही औषधं स्पर्शजन्य, म्हणजे पानाच्या-फळाच्या पृष्ठभागावर राहणारी. काही आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून आत फिरणारी. पहिली बऱ्यापैकी धुतली जातात, दुसरी नाही. मोनोक्रोटोफॉस हे आंतरप्रवाही औषध आपल्याकडे २००५ मध्ये भाज्यांवर वापरायला बंदी झाली, ती उगाच नाही.

आता मुरबाड-शहापूरच्या भेंडीकडे या. भात निघाल्यावर जिथे पाणी आहे तिथे भेंडी, काकडी, कारली लावतात. इथली भेंडी निर्यातीलाही जाते. भेंडीची अडचण अशी की ती दोन-तीन दिवसांआड तोडावी लागते, नाहीतर जून होते आणि कुणी घेत नाही. पण औषधाच्या डब्यावर ‘फवारणीनंतर इतके दिवस तोडणी करू नये’ असा काळ दिलेला असतो. शेंडेअळी दिसली म्हणून आज फवारलं आणि परवा तोड आली, तर शेतकऱ्याने काय करायचं? भाव पडलेला असताना एक तोड सोडून देणं सोपं नसतं. युरोपीय संघ भारतातून येणाऱ्या भेंडीवर औषधांच्या अवशेषांसाठी जादा तपासणी ठेवतो. कल्याणच्या बाजारात येणाऱ्या प्रत्येक पाटीमागे मात्र प्रयोगशाळा नसते. तिथे शेवटची तपासणी म्हणजे तुमच्या घरातलं पातेलं.

मग धुण्याने नेमकं किती जातं? दोन अभ्यास सांगते, दोन्ही मुळातून वाचा. पहिला २००० सालचा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्राचा. त्यांनी १२ कीटकनाशकं तपासली. साध्या पाण्याखाली धुतल्यावर त्यांपैकी ९ चे अवशेष लक्षणीय कमी झाले. गंमत म्हणजे औषध पाण्यात किती विरघळतं याचा आणि ते किती निघालं याचा फारसा संबंध दिसला नाही. म्हणजे काम मुख्यतः विरघळण्याचं नव्हतं, पाण्याच्या ओघाचं आणि घासण्याचं होतं. माझ्यासारख्या रसायनवालीला हे वाचून जरा धक्काच बसला. मी ‘विद्राव्यता, विद्राव्यता’ करत बसले होते आणि उत्तर हाताच्या घासण्यात होतं.

दुसरा २०१७ चा, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला. सफरचंदांवर थायाबेंडाझोल आणि फॉस्मेट लावून ती खायच्या सोड्याच्या पाण्यात ठेवली, एका लिटरला १० ग्रॅम सोडा. पृष्ठभागावरचं थायाबेंडाझोल निघायला १२ मिनिटं लागली, फॉस्मेट निघायला १५. पण साधारण २० टक्के थायाबेंडाझोल आणि ४.४ टक्के फॉस्मेट सालीतून आत शिरलं होतं, ते निघालं नाही. या अभ्यासावरून ‘सोड्याने सगळं विष जातं’ असे मेसेज आपल्याकडे फिरले. तो प्रयोग गाला जातीच्या सफरचंदावर, दोनच औषधांवर झाला होता. लव असलेल्या भेंडीवर किंवा चुरगळलेल्या मेथीवर तो झालेला नाही. निष्कर्ष पुढे सरकला आणि अटी मागे राहिल्या.

आणि पाणी कुठून आणायचं?

इथपर्यंत वाचताना एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीत. पाणी आहेच, असं धरलंत. मीही तेच केलं होतं.

मुंबईसाठी विहार तलाव १८६० मध्ये झाला, तुळशी १८७९ मध्ये. शहर वाढलं, ते पाणी पुरेना. मग नजर शहापूरच्या डोंगरांकडे वळली आणि १८९२ मध्ये तानसा धरण झालं. सुमारे २.८ किलोमीटर लांबीची दगडी भिंत आणि तिथून मुंबईपर्यंत जलवाहिनी. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडक सागर आला, नंतर भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मं एकट्या भातसाचं असतं. मुरबाडच्या बाजूला एमआयडीसीचं बारवी धरण आहे, त्याचं पाणी कारखान्यांना आणि कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर पट्ट्याला जातं.

आणि तरीही शहापूर तालुक्यातल्या कसारा, खर्डी, डोळखांब भागांतल्या गाव-पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. धरण खाली, पाडा वर. पाइप गावाच्या शेजारून जातो, गावात थांबत नाही. इगतपुरीच्या भावली धरणातून इथे पाणी आणायची योजना आहे. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं, त्यात माणशी दिवसाला ५५ लिटर हे माप धरलंय. पण मी गेले त्या एप्रिलमध्ये त्या मावशींच्या घराचं माप हंड्यात होतं. सकाळी चार हंडे, संध्याकाळी दोन.

आता हिशेब करा. साधा नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला अंदाजे ६ लिटर पाणी जातं. चार जुड्या अर्धा-अर्धा मिनिट धरल्या की १२ लिटर, म्हणजे डोक्यावरून आणलेला जवळजवळ एक हंडा. मुंबईतली बाई ज्या नळाखाली शहापूरची भेंडी धुते, त्या नळातलं पाणीही शहापूरचंच असतं. ज्या घरातून पाणी आणि भाजी दोन्ही खाली गेली, त्या घरात जाऊन मी विचारत होते, ‘वाहत्या नळाखाली किती वेळ?’

तीन पातेली

मग त्या मावशी भाजी कशी धुतात? सातवा प्रश्न खोडून मी नुसतं बघत बसले. त्यांनी तीन भांडी मांडली: घमेलं, परात, पातेलं. माठ निवडून, मुळं कापून आधी घमेल्यात खळबळला. माती खाली बसू दिली आणि पाला वरून हाताने उचलून परातीत घेतला. पाणी ओतून काढलं नाही, कारण ओतलं की खाली बसलेली माती परत पाल्यात येते. परातीतून पातेल्यात. दुसऱ्या जुडीच्या वेळी घमेल्यातलं गढूळ पाणी परसातल्या मिरचीला गेलं, परातीतलं घमेल्यात आलं, पातेल्यातलं परातीत, आणि नवं पाणी फक्त पातेल्यात.

हे बघताना मला एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल आठवलं. सेपरेटिंग फनेलमध्ये एकदाच भरपूर द्रावक घालण्यापेक्षा तेच द्रावक थोडं थोडं तीनदा घालावं, हे आपण पाठ केलेलं असतं. भाजीवर ते कसं लागू पडतं बघा. समजा निथळल्यावर पाल्याला २०० मिलिलिटर पाणी चिकटून राहतं आणि सुटी माती पाण्यात सारखी पसरते. ६ लिटर पाण्यात एकदाच धुतलं तर घाण ३१ व्या हिश्शावर येते. तेच ६ लिटर दोन-दोन लिटर करून तीनदा वापरलं तर ११ गुणिले ११ गुणिले ११, म्हणजे १३३१ व्या हिश्शावर. पाणी तेवढंच, फरक चाळीस पटींहून जास्त. शिवाय पुढच्या जुडीचं शेवटचं पाणी मागच्या जुडीला वापरायच्या उलट, स्वच्छाकडून गढूळाकडे पाणी सरकवत नेणं, याला कारखान्यांच्या भाषेत काउंटर-करंट वॉशिंग म्हणतात.

हा कागदावरचा हिशेब आहे हे विसरू नका. घट्ट चिकटलेलं औषध, आंतरप्रवाही औषध यांना तो लागू नाही. आणि मूळ पाणीच दूषित असेल तर तीन काय, तेरा पातेली मांडून उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या पाच सूत्रांमध्ये सुरक्षित पाणी हे एक सूत्र आहेच. त्या पाड्यावर हे कळत नाही असं नाही. शिजवायच्या भाजीला विहिरीचं पाणी चालवतात, पण कोथिंबीर-काकडी कच्ची खायची तर उकळून गार केलेलं पाणी वेगळं काढतात. निदान त्या घरात तरी तसं होतं.

तुमच्यासाठी

घरी काय करायचं ते आधी, कारण हेच सगळे विचारतात. हात धुवा. भाजी चिरायच्या आधी धुवा, चिरल्यावर नाही. ठेवायच्या आधी नको, करायच्या आधी धुवा, म्हणजे ओलीने कुजत नाही. कोबीची वरची पानं काढा. घासता येईल ते हाताने घासा, सोलता येईल ते सोला. फ्लॉवर मिठाच्या कोमट पाण्यात ठेवा, अळ्या-मावा बाहेर येतो. साबण नको. पाणी कमी असेल तर तीन पातेली.

आता संशोधनाचं. तुमच्या विषयात एखादी सूचना, निकष, ‘बेस्ट प्रॅक्टिस’ समोर आली की तिला तीन प्रश्न विचारा. ही कुठल्या भीतीला उत्तर म्हणून जन्मली? ती सिद्ध झाली तेव्हा समोर कोणती वस्तू होती, सफरचंद की भेंडी? आणि ती पाळायला काय काय घरात असावं लागतं? तिसरा प्रश्न आपण हमखास विसरतो, कारण ते आपल्या स्वतःच्या घरात असतं.

दस्तऐवजांनाही हेच लागू. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये मुरबाड, शहापूरच्या नोंदींत ‘पाणी’ असा मथळा मिळेल. पण ती नोंद प्रशासनासाठी केलेली आहे. स्वयंपाकघरात त्या पाण्याचं काय होतं हा तिचा प्रश्नच नव्हता. जे लिहिलेलं नाही ते नव्हतंच असं नाही. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

माझ्या सुधारलेल्या प्रश्नावलीत सातवा प्रश्न आता असा आहे: ‘आज भाजी कशी धुतलीत, दाखवाल का?’ पर्याय (अ), (ब), (क) काढून टाकले. त्याखाली अर्धं पान कोरं ठेवलंय.